धूपप्रतिबंधक बंधारा की मुळांची जाळी?

किनारकट्टा (धागाकर्ता)
पावसाळा तोंडावर आला की कोकणात ठरलेली मागणी: बंधारा मंजूर करा. डंपर येतात, काळे दगड पडतात, काही वर्षांत ते वाळूत रुततात आणि दुरुस्तीचा प्रस्ताव निघतो. लाट दगडावर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. शिवाय बंधारा जिथे संपतो, तिथून पुढच्या वाडीला जास्त फटका.

दुसरी पद्धत आहे. उतारावर मजबूत विणलेली जाळी अंथरायची, ती खोल ठोकलेल्या अँकरनी (वायररोप बांधलेल्या धातूच्या टोकांनी) आवळायची आणि जाळीतून गवत, वेली वर येऊ द्यायच्या. हा अँकर ठोकताना सरळ आत जातो. वायररोपला ताण दिला की मातीत आडवा फिरून अडकतो. मुळं जाळीत गुंतली की माती सहज सुटत नाही. दगडाआधी हे करून का बघू नये?

देवबागकर
आमच्याकडे देवबागला, मालवणजवळ, या एकदा उधाणाला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये आमची चिंचोळी पट्टी. माडाखालची वाळू गेली की तांबूस मुळांचा झुपका उघडा लोंबकळतो, आणि एखाद्या भरतीला माड आडवा. माडाला मुळं काय कमी असतात? दगड पडले म्हणान आमचा घर ऱ्हवला. प्रयोग करायचे तर जिथे कोणाचं घर नाही तिथे करा.

सुरूबन
देवबागकरांशी सहमत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दिवेआगरची सुरूची बनं पाहिली असतील, तर झाडांवर एवढा भरवसा ठेवणार नाही.

किनारकट्टा
सुरू हे परकं झाड, रांगेत लावलेलं. मी मर्यादवेलीबद्दल बोलतोय. ती वाळूवर सरपटते, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते, उडती वाळू अडवते. वादळात उन्मळायला तिला खोडच नाही!

लेव्हल_मशीन
साइटवर आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. किनारकट्टा, जाळी-अँकरचा हिशेब मुख्यतः वाहत्या पाण्यासाठी असतो: कालवा, नदीकाठ, धरणाचा उतार. फुटणाऱ्या लाटेचं गणित निराळं. पाण्याने भरलेली वाळू लाटांच्या माऱ्याने सैल पडते, मग अँकर धरणार कशाला? पायथा खचला तर अख्खी जाळी सतरंजीसारखी गुंडाळली जाते. आणि खारं पाणी रोज अंगावर घेणारं गवत आणणार कुठून? वाळाही भरतीरेषेवर टिकायचा नाही.

ओडिशात पेंठा इथे वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाईल (मजबूत कृत्रिम कापडाच्या) नळ्या वापरल्या, पण तिथेही लाटेचा मार सोसायला वजनच लागलं.

खाडीकाठ मात्र तुमचा. तिथे लाट बारकी, गाळ भरपूर. खारबंदिस्तीच्या, म्हणजे शेतात खारं पाणी शिरू न देणाऱ्या, बांधावर आतल्या उताराला जाळी आणि गवत, बाहेर कांदळवन. गोव्यातल्या खाजनांच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या) बांधांना कांदळाचा आधार जुनाच आहे. तिथेही सरसकट दगड रचतात, त्याला माझाही विरोध आहे.

वेळासचा_पाहुणा
कासवांचं कोणी बोलेल का? ऑलिव्ह रिडले मादी वेळास-आंजर्ल्याला वाळू उकरून अंडी घालते. बंधारा असला तर ती वर येणार नाही, आणि वाळूखाली प्लास्टिकची जाळी असली तर उकरणार कशी? मला दोन्ही नकोत. भरतीरेषेजवळ रिसॉर्ट बांधायचं आणि मग संरक्षण मागायचं, हे आधी थांबवा.

किनारकट्टा
प्लास्टिकच हवं असं नाही, काथ्याची जाळी मिळते. ती कुजेपर्यंत मुळांनी जम धरायचा. कासवांचे किनारे वगळायला माझी हरकत नाही. लेव्हल_मशीन, खाडीकाठ आणि भरतीरेषेमागच्या वाळूच्या टेकड्या, एवढंच घेऊ. उघड्या समुद्रासमोर तुम्ही म्हणता तसं वजन. पण बंधारा बांधला तरी मागच्या टेकड्या सपाट करू नका, वादळात तोच वाळूचा साठा कामी येतो.

देवबागकर
टेकड्या? आमच्या पडवीपासून पाणी दहा पावलांवर आलंय. आणि काथ्या कुजला, मुळं धरली नाहीत, तर पुढच्या जूनआधी परत जाळी घालायला कोण येणार? दगडाची निदान कुठेतरी फाइल तरी असते.