मदत हवी आहे: नवी रोझबँक दिवाळीपर्यंत येईल का?

मुक्काम_कोथरूड
मंडळी, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. नवी रोझबँक, म्हणजे स्कॉटलंडची ती सिंगल माल्ट व्हिस्की, कधी येणार? बंद पडलेल्या डिस्टिलरीत जुलै २०२३ मध्ये गाळप परत सुरू झालं. कायद्याने तीन वर्षं पिंपात ठेवावी लागते, म्हणजे जुलै २०२६. मग २०२६ च्या दिवाळीपर्यंत बाटली दुकानात यायला काय हरकत आहे? साडूला आत्ताच सांगून ठेवायचंय. त्याची बॅग एकदा भरली की तो कोणाचं ऐकत नाही. खात्रीची माहिती असेल तरच लिहा. गुगल करून झालंय.

बर्फ_नको
कोणासाठी हवी आहे? बजेट किती? साडू कुठे असतो? आणि नवीच का हवी? जुन्या साठ्यातली रोझबँक आजही विकली जाते, फक्त खिसा खोल लागतो. एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार, डोंबल?

सोडावाला_सदाशिव
आली की मागेच! २०२३ च्या स्पेशल रिलीजेसमध्ये होती, बारा वर्षांची. लेबल एकदम देखणं. मी एअरपोर्टवर पाहिली आहे.

बर्फ_नको
सदाशिवराव, ती रोझआइल. डियाजिओ या मद्य कंपनीची, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, २००९ च्या सुमाराला बांधलेली भलीमोठी डिस्टिलरी. रोझबँक फॉल्कर्कची, लोलँड्समधली. १९९३ ला बंद पडली आणि २०१७ मध्ये इयन मॅक्लाउड कंपनीने घेतली. ग्लेनगॉइन आणि टॅमडू या डिस्टिलऱ्याही त्यांच्याच आहेत. दोघींचा काडीचा संबंध नाही.

सोडावाला_सदाशिव
असेल. पण बारा वर्षांची होती आणि नावात रोझ होतं. भेट द्यायला चालून जाते, सोड्यात कोणाला कळतंय?

मुक्काम_कोथरूड
साडू एडिनबरोला असतो. बजेट ठीकठाक. रोझआइल नको आहे. प्रश्न फक्त तारखेचा आहे हो, तारीख सांगा.

कॅम्पबेलटाउनकर
तारीख कोणाच्या बापालाही सांगता येणार नाही, पण अंदाज कसा बांधायचा ते सांगतो. तीन वर्षं ही किमान अट आहे. त्याआधी त्या द्रवाला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. तीन वर्षं झाली की बाटलीत भरलीच पाहिजे असं कायदा कुठे म्हणतो?

आता इतरांनी काय केलं बघा. आयला बेटावरच्या किलखोमन डिस्टिलरीने २००५ ला सुरुवात केली आणि २००९ ला तीन वर्षांची व्हिस्की विकली, कारण नव्या शेतकरी डिस्टिलरीला पैसा लागतो. आर्डनाहोने २०१८ ला सुरू करून पाच वर्षांची व्हिस्की २०२४ ला आणली. हॅरिस बेटावरच्यांनी २०१५ ते २०२३ वाट पाहिली आणि मध्ये जिनवर दुकान चालवलं. डॅफ्टमिल तर कहरच. त्यांनीही २००५ लाच सुरुवात केली, पण पहिली बाटली थेट २०१८ मध्ये. घरची शेती असल्याने त्यांना घाई नव्हती.

आणि माझी लाडकी ग्लेनगाइल. १९२५ ला बंद पडलेली, २००४ ला परत सुरू झाली. त्यांनी २००९ पासून दरवर्षी 'वर्क इन प्रोग्रेस' नावाने थोडी थोडी किलकेरन (तिथल्या व्हिस्कीचं नाव) काढली आणि बारा वर्षांची पक्की बाटली २०१६ ला दिली. लोकांना व्हिस्की वयात येताना चाखता आली. माझ्या मते पुनरुज्जीवित डिस्टिलरीने करायचा प्रामाणिक प्रकार हाच. पण रोझबँक हे करेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे ग्लेनगॉइन आणि टॅमडूची कमाई आहे आणि नावाला 'लोलँड्सचा राजा' असा मान आहे. तीन वर्षांची कोवळी व्हिस्की काढून तो मान कोण घालवेल? माझा अंदाज, किमान आठ वर्षं.

पीटभक्त
आठ वर्षं कशाला? वय वय करणाऱ्यांनी माल्ट जगताचं वाटोळं केलंय. चांगल्या पिंपातली चार वर्षांची व्हिस्की थकलेल्या पिंपातल्या अठरा वर्षांच्या व्हिस्कीला झोपवते. त्यातून रोझबँकची फळाफुलांची चव जास्त वर्षं लाकडात ठेवली तर दबून जाईल. पाचव्या वर्षी काढतील, लिहून ठेवा. आणि पहिली आवृत्ती पीटवाली (पीट म्हणजे दलदलीतली माती, तिच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीची) असेल, सध्या धुराला मागणी आहे.

कॅम्पबेलटाउनकर
तिहेरी गाळलेली, नाजूक लोलँड व्हिस्की, आणि हे तिला धुरी देणार! आयडीत पीट आहे म्हणून प्रत्येक धाग्यात पेटवायलाच पाहिजे का? हलके घ्या.

पीटभक्त
घेतलं हलकं. मग हेही सांगा, ही रोझबँक म्हणायची तरी कशी? मूळ तांब्याच्या भट्ट्या २००८ च्या नाताळाच्या सुमारास चोरीला गेल्या. आता आहेत त्या नव्या. ब्रोरा या परत सुरू झालेल्या डिस्टिलरीचं मी समजू शकतो, त्यांनी जुन्याच भट्ट्या अ‍ॅलोआला नेऊन दुरुस्त केल्या आणि परत बसवल्या.

बर्फ_नको
नव्या असल्या तरी फोरसाइथ्स या भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीने जुन्या आराखड्यांवरूनच घडवल्या आहेत. आणि वर्म टब ठेवलेत, ते महत्त्वाचं. वाफ थंड करणारी तांब्याची वेटोळी नळी लाकडी हौदातल्या पाण्यात बुडवलेली असते. त्यात वाफेचा तांब्याशी संपर्क कमी येतो, त्यामुळे अर्क जरा भारदस्त उतरतो. तीनदा गाळून हलका करायचा आणि वर्म टबमधून काढून अंगाला थोडं मांस ठेवायचं, यातच रोझबँकची गंमत आहे. भट्टीच्या तांब्याचं वय नव्हे, तिचा आकार महत्त्वाचा.

काणकोणचो_झिल
वेटोळी नळी आमच्याकडे काजूच्या भट्टीवर बघा, मार्च-एप्रिलात या. पहिल्या धारेची हुर्राक, परत गाळली की फेणी. पिंपाची वाट बघायला नको, तारीख विचारायला नको. 🙂 आणि सिंगल माल्टच हवी तर आमच्या गोव्याची पॉल जॉन आहे. इथल्या उन्हात पिंप भराभर पिकतं.

मुक्काम_कोथरूड
अहो, फेणी आणि पॉल जॉन दोन्ही माहीत आहेत. मला रोझबँकच हवी. यावर कोणी नेमकं बोलणार आहे का?

सातासमुद्रापार
नेमकं तेच सांगते. अंदाज बांधण्यापेक्षा अमेरिकेची लेबलांची यादी बघा. तिथे दारूच्या लेबलला टीटीबी नावाच्या सरकारी खात्याची मंजुरी लागते आणि मंजूर लेबलं कोणालाही ऑनलाइन शोधता येतात. निम्म्या 'आतल्या बातम्या' तिथूनच फुटतात. कंपनी गप्प असते आणि इकडे लेबलावरचं वय, अल्कोहोलचं प्रमाण, सगळं बाहेर आलेलं असतं. अर्थात मंजुरी मिळाली म्हणजे बाटली निघेलच असं नाही, काही लेबलं तशीच पडून राहतात. पण तिथे नाव दिसेपर्यंत मी तरी कोणालाही शब्द देणार नाही.

टेकडीवाला
साडूला कशाला त्रास? ब्रिटनशी करार झालाय ना, २०२५ च्या जुलैमध्ये सह्या झाल्या. आता सगळं इथेच स्वस्तात मिळेल.

बर्फ_नको
करार नीट वाचा. सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० होणार, असं ठरलंय. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळंच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचचं ३०० टक्क्यांवरून १५० केलं, ते त्याचं त्याचं चालू. आणि मुळात मोजक्या बाटल्यांची रोझबँक पुण्याच्या वाइन शॉपात येईल हे तुम्हाला कोणी सांगितलं?

नियमावली_नाना
साडूंसाठी सूचना. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं. तिकडची बाटली ७०० मिलीची असते. दोन बाटल्या म्हणजे १.४ लिटर, तिसरी घेतली की २.१. तिथेच लोक अडकतात. अल्कोहोल ७० टक्क्यांच्या वर असेल तर विमानात नेताच येत नाही. शिवाय महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, वयाची अट २५ पूर्ण. आपला परवाना वार्षिक आहे की आजीव?

मुक्काम_कोथरूड
नाना, हे कोणी विचारलं होतं? असो, २.१ चं गणित कामाचं आहे.

क्लाइडकाठची
धागाकर्ते, बर्फ_नको यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं आणि तुम्ही दोनदा टाळलंत. कोणासाठी? काय निमित्त? त्यावर सगळं अवलंबून आहे.

मुक्काम_कोथरूड
त्यात काय सांगायचं? सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे २०२७ च्या जानेवारीत. ते मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. जहाज ग्रेंजमाउथला लागलं की रोझबँक प्यायचे. बारा वर्षांची असायची म्हणतात. ती बंद पडली तेव्हा हळहळले होते. परत सुरू झाल्याचं मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून रोज विचारतात, "आली का?" म्हणून घाई.

कॅम्पबेलटाउनकर
अहो, मग हे पहिल्या ओळीत नको का लिहायला! ग्रेंजमाउथ म्हणजे फॉल्कर्कच्या शेजारचं बंदर. आणि ती बारा वर्षांची म्हणजे नव्वदच्या दशकातली 'फ्लोरा अँड फॉना' मालिकेतली असणार. त्यांना हवी आहे जुनी चव. तीन-चार वर्षांची नवी व्हिस्की त्यांच्या हातात दिलीत तर ते एक घोट घेतील, तुमच्या तोंडावर छान आहे म्हणतील आणि बाटली कपाटात जाईल.

पीटभक्त
हे मान्य. पहिल्यांदाच.

क्लाइडकाठची
माझा सल्ला असा. लिलावाच्या साइट्सवर त्या बारा वर्षांच्या रोझबँकच्या ५ सेंटीलिटरच्या छोट्या बाटल्या अधूनमधून येतात. मोठी बाटली परवडणार नाही, तीस वर्षांची तर हजार पौंडांच्या पुढे. पण छोटी एक घेतली तर सासऱ्यांना दोन घोट खऱ्या जुन्या रोझबँकचे मिळतील. आणि रोज प्यायला तिहेरी गाळलेलीच, बिनधुराची हेझलबर्न द्या. ऑखेंतोशनही तिहेरी, ग्लासगोजवळची, स्वस्त पडते, पण रोझबँकपुढे जरा पातळ वाटते.

कॅम्पबेलटाउनकर
हेझलबर्नला माझे दोन हात वर. पण छोट्या बाटल्यांची झाकणं सैल असतात, तीस वर्षांत आतली उडून जाते. फोटोत पातळी मानेपर्यंत असेल तरच बोली लावा.

सोडावाला_सदाशिव
दोन घोटांसाठी लिलाव? पंचाहत्तरीला पन्नास माणसं येतील, त्यांना काय तीर्थ देणार?

क्लाइडकाठची
पन्नास माणसांना रोझबँक कोण देतंय! त्यांच्यासाठी तुमचा सोडा आहेच. धागाकर्ते, अजून एक. साडूला सांगा, एडिनबरोहून गाडीने पाऊण तासात फॉल्कर्क. डिस्टिलरी कालव्याच्या काठी आहे, जून २०२४ पासून लोकांना आत जाता येतं. आतून व्हिडिओ कॉल लावायला सांगा. भट्टी चालू दिसली तर इंजिनियर माणूस तासभर प्रश्न विचारेल.

मुक्काम_कोथरूड
साडूला आत्ताच फोन केला. तो म्हणतो, फॉल्कर्कला जाईन, पण कामाच्या दिवशी नाही. लिलावाचं त्याला पटलं नाही, "न ऐकलेल्या साइटवर कार्डाचा नंबर टाकत नाही" म्हणाला. हेझलबर्न मात्र सांगून टाकली. छोट्या बाटलीवर बोली मी इथून लावली आणि पाठवायचा पत्ता त्याचा दिला, तर चालतं का? कोणी केलंय का असं?

नियमावली_नाना
चालेल. पण ती ५ सेंटीलिटरही २ लिटरमध्ये धरा. परवान्याचं अजून सांगितलं नाहीत.

टेकडीवाला
थोडं अवांतर, पोर्ट एलन डिस्टिलरीची नवी कधी येईल? ती २०२४ ला परत सुरू झाली ना?

पीटभक्त
त्यासाठी वेगळा धागा काढा. मी येतो.