टँकरसाठी चार आकडी नंबर मिळतो का? एजंट 15 हजार मागतोय

टँकरवाली_नीलमनगर

नमस्कार. सोलापूरच्या नीलमनगरात आमचे पाण्याचे दोन टँकर आहेत. गाडी हे बघतात, फोन मी घेते. उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे सकाळी सहापासून फोन वाजायला लागतो. टँकरच्या मागे दहा आकडे रंगवलेत, पण चालत्या गाडीवरचे दहा आकडे कुणाच्या ध्यानात राहणार? शेवटचा 6 लोक 8 वाचतात आणि ते फोन शेळगीतल्या एका आजोबांना जातात. आधी लई चिडायचे. आता तेच मला फोन करून सांगतात, "पोरी, विडी घरकुलला एक टँकर मागितलाय, लिहून घे."

गेल्या आठवड्यात एक जण घरी आला. पोलिसांचा 100, तसा तुम्हाला 1012 काढून देतो म्हणाला. दूरसंचार खात्यात ओळख आहे म्हणे. 15 हजार, त्यातले 5 आधी. ह्यांना पटलंय, मला नाही. असला नंबर आपल्यासारख्यांना मिळतो का?

जुना_लाइनमन

ताई, पाच रुपयेसुद्धा देऊ नका. टेलिफोनमध्ये माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो.

1 ने सुरू होणारे छोटे नंबर दिल्लीचं दूरसंचार खातं ठरवतं. त्याचा 2003 चा राष्ट्रीय क्रमांक आराखडा आहे. हे नंबर लोकोपयोगी सेवांसाठी राखलेले: 101 अग्निशामक, 108 रुग्णवाहिका, 1098 लहान मुलांसाठी, 139 रेल्वे, लाइट गेली की 1912. मुंबई महापालिकेला 1916 आहे. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने तर 2025 मध्ये शिफारस केली की हे नंबर फक्त सरकारी यंत्रणांनाच द्यावेत आणि त्यांचा वापर होतो की नाही हे दरवर्षी तपासावं. टँकरला कुठून मिळणार?

आता 1012 ची गंमत ऐका. लँडलाइनवर एक्स्चेंज आकडे एकेक करून वाचतं. 1, 0, 1 आले की त्याच्या दृष्टीने नंबर पूर्ण झाला, चौथ्या आकड्याची ते वाटच बघत नाही. तीन आकडी एक नंबर दिला की त्याच्यापुढचे चार आकडी दहा आणि पाच आकडी शंभर नंबर मेले. 109 हा कुणाला दिलेला नाही म्हणून तर 1090, 1091, 1098 चालतात. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक 1012 फिरवेल आणि फोन उचलेल अग्निशामक दल! पाणी तेही आणतील म्हणा.

होटगी_रोडकर

काका, पण सरकारलाच का बे सगळे? मोबाइलचे फॅन्सी नंबर विकतात की लिलावात. हेही विका, खात्याला पैसा मिळेल.

जुना_लाइनमन

विकले तर नीलमनगरला मिळतील का? पुण्या-मुंबईची एखादी कंपनी उचलेल. शिवाय दहा आकडी नंबर कोट्यवधी आहेत, हे मोजकेच. एकदा लोकांच्या तोंडी बसलेला नंबर परत घेणंही सोपं नसतं. सगळ्यासाठी एक म्हणून 112 आला, तरी 100 आणि 101 चालूच ठेवावे लागले. उलट बाजूही बघा. ऑनलाइन फसवणुकीसाठी आधी 155260 होता, घाबरलेल्या माणसाला सहा आकडे आठवायचे कसे? मग 1930 केला. छोटा नंबर हवा तो अशा ठिकाणी.

आम्ही कामाला होतो तेव्हा 197 ला लोक नंबर विचारायचे आणि 198 ला फोन बंद पडल्याची तक्रार करायचे. गड्ड्याच्या जत्रेत तर 197 वर लोक विचारायचे, पाळण्याची वेळ काय.

पार्क_चौक

ताई, धंद्यासाठी 1800 चा टोल फ्री मिळतो, तो सरळ मोबाइल कंपनीकडूनच घ्यायचा. फोन करणाऱ्याला फुकट, बिल तुम्हाला. पण तोही लांबलचकच. दोन टँकरला कशाला? त्यापेक्षा एकच आकडा परत परत येणारा साधा मोबाइल नंबर घ्या. आणि खात्याचं नाव सांगून फोनवर किंवा मेसेजवर कुणी पैसे मागितले, तर त्याची तक्रार दूरसंचार खात्याच्या संचार साथी या वेबसाइटवर 'चक्षु'मध्ये करता येते.

टँकरवाली_नीलमनगर

काल तो परत आला होता. मी आमच्या शेजारच्या घरी लँडलाइन आहे तिथं नेलं आणि म्हटलं, 101 पर्यंत फिरवा, पुढचा 2 दाबायच्या आधी काय होतं ते बघू. रिसीव्हरला हात नाही लावला त्यानं. चहा अर्धा ठेवून गेला.

नवीन सिम बघतेय, शेवटी 6 किंवा 8 नसलेलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "मग मला फोन कोण करणार?"