मदत हवी: वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मीटर बनवतोय, आकडा हलतच नाही

सिडको_स्पार्क: सातपूरला सायलेन्सरच्या बेंडला नट वेल्ड करून घेतला, सेन्सर बसवला, अर्डुइनोला (प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड) जोडला. स्क्रीनवर आकडा येतो, पण अ‍ॅक्सिलरेटर पिळा नाहीतर सोडा, ढिम्म. रविवारी कसारा घाट आहे, त्याआधी कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलायचेत. लवकर सांगा.

ओपॅम्प: सेन्सर कोणता? तारा किती? मध्ये कंट्रोलर कोणता?

सिडको_स्पार्क: बॉशचा ओरिजिनल. गाडी 150 सीसी, कार्बुरेटरवाली. कोडमध्येच काहीतरी आहे बहुतेक.

कार्बुरेटर_काका: अरे बाळा, मीटर कशाला? प्लग काढून बघ. काळा म्हणजे रिच, पेट्रोल जास्त; पांढरा म्हणजे लीन, पेट्रोल कमी. संपलं.

ओपॅम्प: काका, प्लग नंतर. तारांचं सांगा ना! बॉशचा असून चार असतील तर तो बहुधा वाइडबँड नव्हे.

सिडको_स्पार्क: पाच. एलएसयू 4.9. सहा पिनांचं सॉकेट कोण शोधत बसणार, कनेक्टर कापला आणि तारा थेट अर्डुइनोला सोल्डर केल्या.

ओपॅम्प: घात केलात. त्या सेन्सरचा कॅलिब्रेशनचा रेझिस्टर कनेक्टरच्या आत असतो. टाकला नसेल तर शोधा. आणि हा सेन्सर आयता व्होल्टेज देत नाही. आतला सेल 450 मिलिव्होल्टवर धरायला पंप सेलमधून (ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा भाग) करंट सोडावा लागतो, त्या करंटवरून आकडा निघतो. तुमच्याकडे करंट सोडणारंच कोणी नाही. कोड बिचारा काय करेल?

गंगापूर_रोडी: आकडा लॅम्डातच दाखवा, म्हणजे कुठलंही पेट्रोल असो, बरोबर मिश्रण म्हणजे 1. एएफआरमध्ये बरोबर आकडा 14.7 हा शुद्ध पेट्रोलचा, ई20 ला (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) तो साडेतेराच्या आसपास येतो.

कार्बुरेटर_काका: ई20 चं नाव काढू नका. माझ्या स्कूटरचं मायलेज त्यानेच खाल्लं.

गंगापूर_रोडी: काका, एअर फिल्टर शेवटचा कधी साफ केलात?

पंचवटी_एक्सप्रेस: पीयूसीसाठी करताय का? तिथे धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) बघतात, हा मीटर दाखवून काही होणार नाही.

ओपॅम्प: पीयूसीचं कोणी विचारलंय? स्पार्क, हीटर कुठे जोडलाय?

सिडको_स्पार्क: बॅटरीला. 12 व्होल्ट आहेतच की.

ओपॅम्प: आत्ता काढा! तो साडेसात व्होल्टचा हीटर आहे, पल्स देऊन हळूहळू तापवतात. थंड सेन्सरवर पाणी साचलेलं असतं, एकदम तापवला की सिरॅमिक तडकतं. जिवंत असेल तर सीजे125 चिपचं (हीच या सेन्सरची कंट्रोलर) मॉड्यूल घ्या, हीटरची अर्थिंग वेगळी ठेवा.

सिडको_स्पार्क: काढला. कनेक्टर डस्टबिनमध्ये सापडला. मॉड्यूल एमजी रोडला मिळेल का? ऑनलाइनला रविवार उलटेल.

कार्बुरेटर_काका: एमजी रोडला मोबाइलची कव्हरं मिळतील. प्लगपाना माझ्याकडे आहे, शनिवारी ये.