स्प्रिंटरचा स्टॅमिना कसा वाढवायचा? मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. माझा धाकटा भाऊ मुळातच स्प्रिंटर, १०० आणि २०० मीटरला ब्लॉकमधून गोळीसारखा सुटतो, पण आता त्याला ८०० मीटर पळायचंय आणि तिथे ५०० च्या पुढे पाय जड होतात, खांदे कानापर्यंत वर येतात, स्ट्राइड आखूड होते. वाचलंय त्यावरून फास्ट ट्विच (झटकन आकुंचन पावणारे) स्नायू ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) भराभर जाळतात म्हणून लवकर थकतात, पण त्यातले टाइप २ए प्रकारचे तंतू ट्रेनिंगने बरेच एरोबिक (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे) होऊ शकतात, आणि ८०० मध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा एरोबिकच लागते, म्हणजे स्टॅमिनाचा बेस (पाया) तर बांधायलाच हवा. पण कसा? तासभर सावकाश पळवलं की दुसऱ्या दिवशी तो पार गळून गेलेला असतो आणि वेगही बोथट होतोय हे मला स्पष्ट दिसतंय. त्यापेक्षा ८०० च्या रेस पेसने (शर्यतीच्या वेगाने) २०० मीटरचे रिपीट (तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं), मध्ये हळू जॉग, असं चालेल का? की आठवड्यातून दोनदा अर्धा तास, गप्पा मारता येतील इतक्या हळू पळायचं आणि बाकी स्प्रिंट नि वेट्स आहेत तसेच ठेवायचे? वेग जाऊन स्टॅमिना आलेला नकोय हो. ज्यांनी स्प्रिंटरना ८०० ला तयार केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, विशेषतः दोन रिपीटमध्ये रिकव्हरी किती द्यायची ते.