तरुण संघ फक्त नाताळातच दिसतो, असं शेजारी म्हणाले. सुरुवात कुठून करू?

मोहननगरचा पोरगा:
सर्वांना सलाम. वय 22, आयटीआय झालं, एसी दुरुस्तीचं काम करतो. नागपुरात आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघात चौदा जण आहोत. डिसेंबर आला की नुसती धावपळ: कॅरल राउंड, गव्हाणी, मेयो दवाखान्यासमोर ब्लँकेट वाटप. बाकी वर्षभर आम्ही अन् आमची उपासना. गेल्या महिन्यात गल्लीतले काका बिलाचे पैसे देता देता म्हणाले, "पोरं चांगली आहात रे, पण नाताळ गेला की दिसत नाही." रागानं बोलले नाहीत, म्हणून जास्तच लागलं.

गल्लीतली नाली दर पावसाळ्यात तुंबते. ती साफ करायचा विषय संघात काढला तर मोठ्यांनी थांबवलं. "दिवस कसे आहेत पाहतोस ना, चार ख्रिस्ती जमले की धर्मांतराचा संशय घेतात." आईचंही तेच म्हणणं. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण जिथे जन्मलो त्याच वस्तीत पाहुण्यासारखं काहून राहायचं? मंडळी म्हणून जावं की एकट्यानं? अन् मतदान, नगरसेवक, यात पडणं आपल्याला शोभतं का?

सदरची ताई:
बाळा, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, तरुण संघही बरीच वर्षं सांभाळला. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला अन् नागनदी घराघरांत शिरली, आठवतं ना? शनिवारभर आमच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रार्थना चालू होती. रविवारी उपासना सुटल्यावर अकरा जण फावडी-घमेली घेऊन कॉर्पोरेशन कॉलनीत गेलो. अंगात संघाचे टी-शर्ट, पाठीवर क्रूस. एका आजीच्या दारात शेजाऱ्यानं अडवलं, "कोणती संस्था? फोटो काढायला आले का?" त्याचं चुकलं नव्हतं, आदल्या दिवसापासून फोटोवालेच जास्त येऊन गेले होते. आम्ही शर्ट उलटे घातले अन् गुडघाभर चिखल उपसत राहिलो. दुपारी त्याच माणसानं चहा आणला, कुठले, कोण, विचारलं. आम्ही सगळं सांगितलं.

म्हणून नालीचं काम संघाच्या बैठकीत ठरवू नकोस, काकांच्या ओट्यावर बसून ठरव. अर्ज गल्लीच्या नावाचा, सह्या सगळ्या घरांच्या, तुझी मधेच कुठेतरी. मनपाचे दहा झोन आहेत, तुमच्या झोन कार्यालयात अर्ज दे अन् शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. गाळ काढून काठावर ठेवला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, तेव्हा तो न्यायला गाडी येणार असेल त्याच दिवशी उपसा. त्या दिवशी पत्रक नको, गाणं नको. प्रार्थना घरून करून या.

आणि रक्त. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन पंचेचाळीसला टेकलेलं, शिबिरं कमी होतात. सिकलसेल अन् थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांच्या लेकरांना मात्र रक्त लागतच राहतं, आणि विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते मी रोज पाहते. चौदाही जणांनी एकाच दिवशी देऊ नका. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, तेव्हा दोन गट पाडा, एक गट मेसाठी राखून ठेवा. वय 18 पूर्ण हवं, वजन 45 किलोच्या खाली नको. उपाशीपोटी तर अजिबात नको. आमच्या पहिल्या शिबिरात सकाळी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला काही न खाता आलेल्या दोन पोरींना चक्कर आली होती. आता आधी पोहे, मग रक्तदान.

खलाशी लाइनचे गुरुजी:
शोभतं का, असं विचारलंस म्हणून लिहितो. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा नकोत, हा ठराव 1949 मध्ये सल्लागार समितीत त्यांनीच मांडला. आपल्यासाठी वेगळं दार नको, म्हणाले. मग ज्या दारातून सगळे जातात तिथून आपण आत जायलाच हवं. दाराबाहेर उभं राहून कसं चालेल?

संघातल्या किती जणांचं नाव मतदार यादीत आहे, ते आधी पाहा. मी आमच्या मंडळीत विचारलं, तर नऊपैकी चौघांचं नव्हतं. नवीन नावाला फॉर्म 6. 17 पूर्ण झालेल्यालाही आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण असतील तेव्हा नाव चढतं. मत कुणाला द्यायचं, हे मात्र उपदेशात येता कामा नये. यावर मी पास्टरांशीही भांडलो आहे.

आणि पोरांना एकदा वर्ध्याला ने. तंजावरचे ख्रिस्ती जे. सी. कुमारप्पा, लंडनला हिशेबतपासणी शिकलेले, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या केंद्रात, मगनवाडीत येऊन तेलघाणी, हातकागद अन् मधमाश्यांच्या कामात वर्षानुवर्षं राबले. मगन संग्रहालय आजही आहे.

जरीपटक्याची:
ताई, शर्ट उलटा घालणं मला पटलं नाही. माझ्या नावावरूनच धर्म कळतो. वस्तीच्या बैठकीत मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मग पाठीमागे कुजबुज राहिली नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. शेजारच्या बौद्ध मैत्रिणींसोबत आम्ही तिथे पाणी वाटतो. स्टॉल त्यांचा, जार आमचे. नाताळात त्या करंज्या लाटायला आमच्याकडे येतात.

सदरची ताई:
तुझ्या वस्तीत तुला सगळे ओळखतात. आम्ही त्या आजीच्या दारात परके होतो, अन् चिखल वाळायला लागला होता. पण तुझ्यासारखं करता आलं तर तेच चांगलं.

मोहननगरचा पोरगा:
काल काकांच्या ओट्यावर गेलो. अर्जावर सतरा सह्या झाल्या, माझी सहावी. आई आधी काहीच बोलली नाही, मग स्वतः उठून नवव्या नंबरला सही करून आली. यादी पाहिली, संघातल्या तिघांची नावं नाहीत, त्यात मीही. फॉर्म रविवारी भरतो. गाडी बुधवारी येणार म्हणाले. ताई, घमेली चारच आहेत, तुमच्याकडची दोन मिळतील का?