लेबलवरील ‘टंबल ड्राय’ म्हणजे पिळणे का?

प्रश्न: लंडनमध्ये घेतलेल्या लोकरी स्वेटरच्या लेबलवर ‘डू नॉट टंबल ड्राय’ आणि ‘ड्राय फ्लॅट’ असे लिहिले आहे. पहिल्याचा अर्थ यंत्रात पिळू नये असा घ्यावा का?

उत्तर १: नाही. पिळण्याच्या फेरीला ‘स्पिन’ म्हणतात. ‘टंबल ड्राय’ म्हणजे फिरत्या पिंपात गरम हवेने कपडे वाळवणे, ज्यामुळे लोकर आटते. लेबलवर चौकोनातील वर्तुळावर फुली असेल, तर हीच मनाई समजावी. ‘ड्राय फ्लॅट’ म्हणजे दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवणे, कारण पाणी धरलेली लोकर स्वतःच्याच वजनाने लांबते.

उत्तर २: टबाच्या चित्रातील 30 हा आकडा धुण्याच्या पाण्याचे कमाल तापमान सांगतो, कपड्यांची संख्या नव्हे (हा गोंधळ मीही केला आहे).

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग ‘रिन्स’ म्हणजे खळबळणेच ना?

उत्तर १: होय, साबण निघेपर्यंत.