फोटोवरून माप काढण्याआधी

'स्टार वॉर्स' सिनेमातल्या ल्यूक या नायकाच्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची, मूठ कोल्हापुरात उद्यमनगरातून लेथवर करून घ्यायची म्हणून इथं एकाचं फोटोवरून मापं काढणं चाललंय. दादा, जरा थांबा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली ती मूठ मुळात घडवलेलीच नव्हती! ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा तो दांडा, आत तीन मोठे सेल बसणारा. त्या दांड्यावरच्या क्लॅम्पमधली फुगीर ठिपक्यांची पट्टी म्हणजे जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरचं भिंग. मूळ वस्तू ओळखली की अंदाज संपतो, थेट कॅलिपर (माप घ्यायचं साधन) लावता येतो. ल्यूकचा गुरू ओबी-वॅन याच्या मुठीत तर नळाची चावी आणि जेट इंजिनाचा पाइप आहे, म्हणून मी प्लंबरकडचं भंगारसुद्धा नीट चाळतो. लेथवाल्याला ड्रॉइंग द्यायची घाई करू नका, पितळ फुकट जाईल.